सहा फुटांवरचे तीन फेरे

१

भागूबाई सापडली ती नदी ओलांडायच्या उताराच्या खाली अर्ध्या मैलावर, करंजाच्या मुळ्यांत अडकलेली. तिच्या अकरा शेळ्यांपैकी नऊ त्याआधीच हाती लागल्या होत्या. रिह्याच्या खोऱ्यात पुराच्या पाण्यानं माणूस जाणं लोकांनी पाहिलं होतं. पण हे पाणी बंधाऱ्याच्या दरवाज्यातून मोजून सोडलेलं होतं, आणि सोडणारा तिचाच नवरा होता.

हैबतराव ढमाले गुरुजी तिसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर पोचले. पौडच्या हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून ते गेल्या साली, म्हणजे एकोणीसशे पासष्टला, घरी बसले होते. घरी बसले हे आपलं म्हणायचं. कुणी हिशेबाचं कोडं घेऊन आला की गुरुजी जेवणाच्या ताटावरून उठत आणि त्यांची बायको सारजाबाई त्या ताटावर झाकण ठेवून कपाळाला हात लावत.

दरवाज्याच्या खोलीबाहेर बाजी कोकरे उकिडवा बसला होता. धनगराचा हा गडी मेंढरं भावाच्या हवाली करून बंधाऱ्यावर चाकवाला म्हणून लागला होता. गावातल्या प्रौढ वर्गात गुरुजींनीच त्याला पाटीवर आकडे गिरवायला शिकवले होते.

"किती फेरे दिलेस चाकाला?" गुरुजींनी विचारलं.

"तीन."

"पट्टीवर पाणी किती होतं?"

"सा फूट. तक्त्यात सा फुटाम्होरं तीन लिव्हलं व्हतं. तीन टोलं दिलं, तीन फेरं फिरिवलं." बाजीनं मान खाली घातली. "पर गुर्जी, आता मनच म्हनतंया, चार फिरिवलं आसशील. पाच बी आसशील. पानी तर तसंच आलं."

गावानं निकाल देऊन टाकला होता. अडाणी माणूस, चाक जास्त फिरवलं, बायको बुडवली. ओव्हरसिअर साहेबांनी त्याला कामावरून उठवलं होतं. भागूबाईचा भाऊ म्हसू येऊन बाजीच्या आठ वर्षांच्या पोरीला, कोंडीला, खांद्यावर टाकून घेऊन गेला होता. ज्यानं आईला मारलं त्याच्या दारात भाची ठेवणार नाही, असं तो चारचौघांत बोलला होता.

"पोरगी वळून बघत व्हती," बाजी म्हणाला. "मी हाक न्हाई मारली. कोनत्या तोंडानं मारू?"

"जेवलास का?"

"रत्नाबाई भाकर आनून देत्यात. हापिसातल्या. दुसरं कुनी हिकडं फिरकत न्हाई."

गुरुजी उठले. तीन आणि चार यांत बाजी चुकणार नाही, याची त्यांना खात्री होती. तक्ता बघितला की एका मिनिटात सोक्षमोक्ष लागणार होता. सहा फुटांसमोर काय लिहिलंय तेवढंच वाचायचं होतं.

ते खोलीत शिरले. चुन्याच्या भिंतीवर चौकटीएवढा स्वच्छ तुकडा होता आणि वर एक खिळा होता. तक्ता नव्हता.

२

त्या तक्त्याची जन्मकथा सांगायलाच हवी, कारण गुरुजींचा त्यात हात होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमानही होता.

बंधारा नवा. खालच्या उतारावरून माणसं-गुरं येजा करत. तिथं पाणी गुडघ्यावर चढू नये, तर सेकंदाला तीनशे साठ घनफुटांहून जास्त पाणी सोडायचं नाही, असं ठरलेलं. सोडण्याआधी जितके फेरे तितके टोल द्यायचे. टोल ऐकला की लोकांनी समजायचं, गुडघाभर पाणी येतंय, जपून चला. आता बंधाऱ्यात किती फूट पाणी असलं की चाकाच्या एका फेऱ्याला किती पाणी सुटतं, हे कळलं की काम झालं. त्यानं तीनशे साठाला भागायचं, की द्यायचे फेरे मिळतात; तक्त्यात दर उंचीसमोर हे दोन्ही आकडे लिहायचे.

गुरुजींनी हिवाळाभर मापं घेऊन दोन सूत्रं बसवली. एक पाण्याच्या वेगाचं: उंचीची दुप्पट अधिक एक. दुसरं दरवाज्याच्या तोंडाचं: उंचीची तिप्पट अधिक दोन. या दोन बहुपदींचा गुणाकार केला की फेऱ्यामागचं पाणी मिळतं. (खरे आकडे दशांशांनी लडबडलेले होते. वाचकाचे डोळे दुखू नयेत म्हणून इथं ते घासूनपुसून घेतलेत.)

सूत्र लिहायची गुरुजींची एक खास तऱ्हा होती. अक्षरं लिहायची नाहीत, घात लिहायचे नाहीत. नुसते सहगुणक मांडायचे, मोठ्या घाताचा आधी आणि सुटा आकडा शेवटी. "क्ष-क्ष करत शाई कशाला घालवता रे?" असं ते वर्गात दरडावत. पोरं पाठीमागं त्यांना बिनअक्षरी गुरुजी म्हणत आणि गुरुजींना ते ठाऊक होतं. तर त्यांनी बंधारा योजनेच्या ऑफिसात कागद दिला तो असा: पहिल्या ओळीत २ १, दुसऱ्या ओळीत ३ २. बस्स.

असे तीन बंधारे, पाव-पाव फुटाच्या ओळी. हातानं करायला महिना गेला असता. म्हणून ऑफिसातली रत्ना आठ दिवस मुंबईला गेली. तिथं एका संस्थेत खोलीभर पसरलेलं गणकयंत्र होतं, आणि त्या यंत्रासाठी तयार प्रोग्रॅमांची लायब्ररी होती. बहुपदींची बेरीज, गुणाकार, किंमत काढणं, सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं. आपण फक्त सहगुणक कार्डांवर भोकं पाडून द्यायचे.

रत्ना माण गावची. गुरुजींची विद्यार्थिनी, मॅट्रिकला गणितात जिल्ह्यात दुसरी. निघायच्या आदल्या दिवशी तिनं कागदावर काही विचारून तो शिपाई नथूबरोबर गुरुजींकडं परत धाडला होता. नेमकी त्या दिवशी घरात पुतणीची हळद. गुरुजींनी मांडवात उभ्या-उभ्या, नथूच्या पाठीवर कागद ठेवून लाल शाईनं उत्तर लिहिलं आणि खाली सही ठोकली. पोरं आकडे उतरवताना गफलत करतात, तशी करू नकोस, एवढं बजावल्याचं त्यांना आठवत होतं. तिनं काय विचारलं होतं ते मात्र आठवत नव्हतं.

तक्ता आला, चौकटीत बसला, खिळ्यावर टांगला गेला. गुरुजींनी गावभर पेढे वाटले होते.

३

म्हसूचा मेंढवाडा रिह्याच्या वरच्या माळावर होता. गुरुजींना चढ लागला. म्हसूनं त्यांना घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं, पण तोंड दगडासारखं ठेवलं. कोंडी दूर कोकरापाशी बसली होती. तिनं गुरुजींना ओळखलं आणि मान फिरवली.

"बाजीची बाजू घिऊन आलाय ना?" म्हसू म्हणाला. "मंग ऱ्हाऊ द्या गुर्जी."

"कुणाची बाजू नाही. तू त्या दिवशी कुठं होतास?"

"ह्या काठाला. भागी पल्याड व्हती. टोल ऐकलं आमी. तीन. तिनं मला हात केला, म्हनली येते रं दादा. शेळ्या म्होरं घातल्या. मधी आली आन..." म्हसूनं हात आपल्या छातीवर नेला. "गुडघाभर पानी नव्हतं ते गुर्जी. छाताडाच्या वर आलं. तीन टोल देऊन त्यानं पाच-सा फेरं दिलं. लबाड बोलतोय तो."

"बाजी तेव्हा कुठं होता?"

"वरडा ऐकून पळत आला, तसाच पान्यात पडला. तेला पवता कुटं येतंय! लोकांनी वढून काढला."

"मग दरवाजा बंद कुणी केला?"

"म्या केला. भिंतीवरनं पळत ग्येलो आन चाक उलटं फिरिवलं."

गेले चार दिवस सगळे जण बाजीनं किती फेरे उघडले यावर भांडत होते. ते बंद किती फेऱ्यांत झाले, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हसू, डोळे मीट," ते हळूच म्हणाले. "चाक तुझ्या हातात आहे असं समज. फिरव."

म्हसूनं डोळे मिटले. त्याचे दोन्ही हात हवेत वर गेले आणि जड चाक ओढल्यासारखे फिरले. एकदा फिरले. दुसऱ्यांदा फिरले. तिसऱ्यांदा फिरले आणि तिथं अडले.

"बसलं," म्हसू पुटपुटला. मग त्यानं डोळे उघडले आणि आपल्याच हातांकडं बघत राहिला.

४

"तीन," म्हसू म्हणाला. "तीनच व्हतं." पण तो धनगर होता. कळपातलं एक मेंढरू कमी पडलं तरी रान पिंजून काढणाऱ्या जातीचा. तो लगेच सावरला. "मंग तेला तीन कुनी सांगितलं? तक्त्यात येकच लिव्हलं आसंल आन ह्यानं तीन वाचलं आसंल, तर?"

"तक्ता नाहीसा झालाय."

"मंग हुडका. तक्त्यात तीन हाय आसं माज्या डोळ्यानं बघीन, आन तसं लिव्हनारा मानूस माज्याम्होरं हुबा करा. त्या दिशी पोर मी सोता आनून घालीन बाच्या पदरात. तवर न्हाई."

आता जवळ सरकलेली कोंडी कोकराच्या कानात काहीतरी सांगत होती. ती ऐकतेय हे दोघांनाही समजलं नाही.

५

ओव्हरसिअर वाल्मीक शेडगे चाळिशीचा, कामाला वाघ आणि चौकशीला घाबरट. गुरुजींना वाटलं होतं, तक्ता यानंच लपवला असणार. तक्त्यात एक असतं तर यानं तो गावभर मिरवला असता. मिरवला नाही, म्हणजे तक्त्यात तीन आहे आणि खाली सही याची आहे. सरळ होतं.

पण शेडगे कपाटाचं दार उघडून उभा राहिला आणि रडकुंडीला आला.

"गुरुजी, नुसता तक्ता नाही, अख्खी फाईल गेलीय. तुमचा कागद, यंत्राचे कागद, सगळं. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडं, एक रत्नाबाईंकडं. वरून विचारणा आली की माझी नोकरी गेली बघा."

"सहा फुटांना किती लिहिलं होतं, आठवतं?"

"एवढ्या ओळी कोण पाठ करतो? पण तक्ता बरोबर होता, हे छातीवर हात ठेवून सांगतो. एप्रिलात मी स्वतः तपासलाय." त्यानं खिशातली वही काढली. "बंधाऱ्यात एक फूट पाणी होतं. एक फेरा दिला, पाणी मोजलं. पंधरा घनफूट. तक्त्यातही पंधरा."

"फक्त एक फुटाला तपासलंत?"

"उन्हाळ्यात आणखी पाणी आणू कुठून? जुलैभर दरवाजे उघडेच होते. श्रावणात पहिल्यांदा बंधारा भरला, सहा फुटांवर आला, आणि पहिल्यांदाच तक्ता बघून चाक फिरवलं."

गुरुजींनी तिथंच टेबलावर आकडे मांडले. दोन एक, तीन दोन. गुणाकार ६ ७ २. म्हणजे उंचीच्या वर्गाची सहापट, उंचीची सातपट आणि वर दोन. एक फुटाला सहा, सात, दोन, बेरीज पंधरा. शेडगेचा आकडा तंतोतंत जुळत होता. सहा फुटांना दोनशे सोळा, बेचाळीस आणि दोन. झाले दोनशे साठ. मर्यादा तीनशे साठची. म्हणजे एक फेरा द्यायचा. दुसरा दिला की पाचशे वीस.

तीन फेऱ्यांचं होत होतं सातशे ऐंशी.

सूत्र बरोबर होतं. तक्ता एक फुटाला बरोबर होता. मग सहा फुटांना तीन आले तरी कुठून?

६

त्या दुपारी सारजाबाईंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकलं.

गुरुजी अंगणात पाटी घेऊन बसले होते. एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चूक, ही कसली चूक? गुणाकार चुकला असता तर एक फुटालाही पंधरा आले नसते. एक-दोन आकडे खाली-वर झाले असते तर...

त्यांनी ६ ७ २ कडं पुन्हा बघितलं. सहा, सात आणि दोन यांची बेरीज पंधरा. उलटीकडून केली, दोन, सात, सहा, तरी पंधराच. एकाचा वर्ग एकच. त्यामुळं एक फूट पाण्याला कुठला आकडा कुठल्या जागी बसलाय, यानं काडीचा फरक पडत नाही. शेडगेनं नेमकी तीच जागा तपासली होती, जिथं सुलटं आणि उलटं सारखंच दिसतं.

गुरुजींनी आकडे उलटे वाचले. सुटा आकडा सहा. उंचीची सातपट, बेचाळीस. उंचीच्या वर्गाची दुप्पट, बहात्तर. सगळे मिळून एकशे वीस.

तीनशे साठाला एकशे वीसनं भागलं. तीन. बरोबर तीन, बाकी शून्य.

"सापडलं!" गुरुजी ओरडले, तशा सारजाबाई पळी घेऊनच बाहेर आल्या. "अगं, बाजी सुटला! कोंडी घरी येणार! यंत्राला आकडे उलटे दिले गं त्या पोरीनं. शेपटाकडून दिले!"

सारजाबाईंचा चेहरा उतरला. "रत्नानं? ती तर तुमच्या शब्दाबाहेर कधी जात न्हाई."

गुरुजींनी ते ऐकलं नाही. ते चपला शोधत होते.

७

माणला पोचेपर्यंत त्यांचा राग चांगला तापला होता. कपाटाची दुसरी किल्ली याच पोरीकडं होती. रत्ना ओसरीवर भाकरी फडक्यात बांधत होती, बाजीसाठी. गुरुजींना बघून तिनं पदर सावरला.

"तक्ता काढ," गुरुजी म्हणाले.

ती आत गेली, ट्रंक उघडली आणि चौकट, फाईल, एक सायक्लोस्टाईल केलेली पातळ पुस्तिका असं सगळं त्यांच्यापुढं आणून ठेवलं. सहा फुटांसमोर तीनचा आकडा होता.

"बाजीच्या पोटात भाकर घालतेस आणि त्याची सुटका ट्रंकेत कोंडून ठेवतेस? पोर तुटलीय त्याची! का लपवलंस?"

"माझी चूक हाय गुरुजी. मी आकडे उलटे दिले. त्या लायब्ररीला सुटा आकडा आधी लागतो, मग उंचीचा, मग वर्गाचा. मी मोठ्या घातापासनं दिले."

"आणि तपासलं नाहीस?"

"गुणाकार हातानं तपासला. यंत्रानं बी सहा-सात-दोनच दिलं. दोन्ही बहुपदी उलट्या दिल्या तर गुणाकार बी उलटाच येतो, पर आकडे तेच. मला वाटलं जुळलं. किंमत काढताना मात्र त्यानं सहाला सुटा आकडा धरलं. ते मला दुर्घटनेच्या दुसऱ्या दिशी कळलं. आजच साहेबांना सांगते. माझ्या एकटीच्या सहीनं लिहून देते."

तिनं एक लिहून ठेवलेला कागदच पुढं केला. गुरुजींचं सूत्र तिच्या अक्षरात उतरलेलं होतं, खाली तिची कबुली. सगळं तयार. तीस वर्षं कॉपी पकडलेला माणूस तो. उत्तर फार लवकर समोर आलं की त्यांना शंका यायची.

"हा तुझा कागद आहे. माझा कुठाय?"

"हरवला."

"रत्ना."

"हरवला म्हटलं ना गुरुजी!" ती रडायला लागली. "नका मागू. पाया पडते."

गुरुजींनी फाईल उचलली आणि उलटी करून झटकली. आतल्या पाकिटातून चौघडी केलेला कागद खाली पडला. तिनं झडप घातली, पण तो गुरुजींच्या पायाशी पडला होता.

वर त्यांचं स्वतःचं टपोरं अक्षर. २ १. ३ २. अक्षरं नाहीत, घात नाहीत. खाली पेन्सिलीनं रत्नानं विचारलं होतं: 'गुरुजी, यंत्राच्या पुस्तिकेत सुटा आकडा आधी घ्या असं लिहिलंय. तुमचे आकडे कुठून सुरू होतात? फिरवून घालू का?'

आणि त्याखाली लाल शाईत: 'आकडे आहेत तसेच घालावेत. फिरवू नयेत.' खाली सही. हैबतराव ढमाले.

मांडवातली हळद, नथूची पाठ, हातातली घाई, सगळं गुरुजींना लख्ख आठवलं. प्रश्न त्यांनी वाचलाच नव्हता. पोरगी काय विचारणार, या तोऱ्यात उत्तर तेवढं लिहिलं होतं.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी पुस्तिका बाजूला ठेवली," रत्ना म्हणाली. "वाटलं, गुरुजींनी आधीच फिरवून दिले असतील. हे कुणी वाचलं तर तीस वर्षांचं तुमचं नाव जाईल. म्हणून तक्ता उचलला. माझ्या नावावर घ्यायचं ठरवलं, पर तुमचा कागद जाळायला घेतला की हात उठंना. आज करू, उद्या करू, असं करत दिस गेले. बाजीच्या म्होरं भाकर ठेवते आन परत येऊन मला घास गिळवत न्हाई."

गुरुजी खाली बसले. रागाचा पत्ता नव्हता.

"तू विचारलं होतंस पोरी," ते म्हणाले. "सगळ्यांत तू एकटीनं विचारलं होतंस."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाज्याच्या खोलीपुढं म्हसू कोंडीला घेऊन आला. शेडगे आला, रत्ना आली. गुरुजींनी चौकट बाजीच्या मांडीवर ठेवली.

बाजीनं बोट सहावर टेकलं आणि हळूहळू आडवं सरकवत नेलं. बोट थांबलं, पण वाचायचं धाडस त्याला होईना. म्हसूला वाचता येत नव्हतं. कोंडी मामाचा हात सोडून पुढं आली आणि वाकून बघितलं. ती दुसरीत होती.

"तीन," ती म्हणाली. "बा, तीनच हाय."

आणि ती बापाच्या पाठीला जाऊन चिकटली.

"लिव्हनारा कोन?" म्हसूनं विचारलं.

"मी," रत्ना म्हणाली.

"गप बस रत्ना." गुरुजी उभे होते. त्यांनी लाल शाईचा कागद उलगडून शेडगेच्या हातात दिला. "मी, म्हसू. आकडे मी दिले. कुठून वाचायचे ते लिहिलं नाही, कारण मला वाटायचं, जगात सगळे माझ्यासारखेच वाचतात. या पोरीनं विचारलं. मी न वाचता उत्तर दिलं. बाजीनं तक्त्याबरहुकूम चाक फिरवलं. त्याचं काही चुकलं नाही."

म्हसूच्या हातात काठी होती. सगळ्यांचं लक्ष त्या काठीकडं गेलं. पण म्हसू नुसताच बघत राहिला. ज्या माणसाला शिव्या द्यायला तो आला होता, त्यानंच त्याच्या मुलांनाही पाढे शिकवले होते.

"गुर्जी," बाजी म्हणाला. "मंग भागी बी बरूबर उतरली व्हती?"

"बरोबर उतरली होती. टोलानं सांगितलं तेच तिनं ऐकलं."

"आन मी बी बरूबरच फिरिवलं."

"हो."

बाजीनं मान हलवली. मग तोंडावर दोन्ही पंजे घेतले आणि त्याला रडू फुटलं. इतके दिवस कुणी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. गावात त्याचाही बोभाटा झाला होता; बायको गेली तरी डोळ्यांत टिपूस नाही, असा.

"भागीला रडायचं व्हतं मला," तो मधेच म्हणाला. "पर आपुनच मारलेल्या मानसाला कसं रडायचं गुर्जी? कुनाला इचारू, मला रडू द्याल का म्हनून?"

गुरुजींचा हात आपसूक त्याच्या खांद्याकडं गेला. कोंडीनं पाठीआडून त्या हाताकडं बघितलं. गुरुजींनी हात मागं घेतला.

म्हसूनं काठी भिंतीला टेकवली आणि मेहुण्याशेजारी मांडी घालून बसला. "गुर्जी, तुमी आता जावा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमाला तिला रडायचं हाय."

गुरुजी निघाले. रत्ना त्यांच्यामागं निघणार होती, त्यांनी तिला हातानं तिथंच थांबवलं. बंधाऱ्याच्या भिंतीवरून ते एकटेच चालत गेले. मागून येणारा बाजीचा आवाज भिंत संपेपर्यंत त्यांना ऐकू येत होता, आणि आता त्यात म्हसूचाही आवाज होता.